घरात राहिलेला क्रूस

मी मेणाचा एक क्रूस आहे. आज करंगळीएवढा आहे. जन्मलो तेव्हा मधल्या बोटाएवढा होतो. ही झीज कशी झाली, तेच सांगायचं आहे.

आमच्या एउसा बेटावरचे पुरुष समुद्रावर मरतात आणि समुद्र देह परत करत नाही. बायकांना मात्र पुरायला काहीतरी लागतं. म्हणून मेणाचा क्रूस करायचा, एक रात्र तो घरातल्या टेबलावर ठेवून त्याच्यापाशी जागायचं आणि सकाळी त्याला चर्चमध्ये पोचवायचं. त्या रात्रीपासून क्रूस म्हणजेच तो माणूस. याला आम्ही प्रोएला म्हणतो. प्रोएला म्हणजे घरी आणणं.

मला घडवलं गिलूनं. बुदोक त्युआल या खलाशाचा तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं मूल हातावर घेतलं, त्यानंच पुढे वेळ आली तर त्याचा क्रूस हातावर घ्यायचा, असा आमच्याकडचा शिरस्ता. शिवाय चर्चची घंटा वाजवण्याचं आणि मरणाच्या बातम्या घरोघरी पोचवण्याचं कामही गिलूकडंच होतं. त्यामुळं तो रस्त्यानं येताना दिसला की बायका आधी त्याच्या हातांकडं बघायच्या आणि मग तोंडाकडं.

मुख्य भूमीवरच्या ब्रेस्त बंदरातून बोट आली ती दुपारी. गावप्रमुखानं गिलूला बोलावून पत्र वाचून दाखवलं. चिलीहून निघालेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज, केप हॉर्नपाशी गारांचं वादळ, वरचं शीड गुंडाळायला चढलेला आणि तिथून समुद्रात गेलेला बुदोक. तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे तीन महिने त्याची आई आणि बायको तो जिवंत आहे असं समजून मोजे विणत होत्या.

गिलू घरी आला. फेब्रुवारीच्या सणाला चर्चमध्ये आशीर्वादित केलेली मेणबत्ती त्यानं चुलीच्या उबेला धरली, तळव्यांमध्ये वळली. एक लांब वळी, एक आखूड. दोन्ही एकमेकींवर ठेवून अंगठ्यानं दाबल्या. दाबताना तो म्हणाला, "गाढवा, मी तुला शीळ घालायला शिकवली होती. उडायला नाही."

मी ऐकलेले हे पहिले शब्द.

दिवस मावळेपर्यंत बातमी फोडायची नसते. तोवर मी त्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीला लागून पडून होतो. वाटेत जानेद भेटली. बुदोकची बायको. दोन मेंढ्या एका दोरीला बांधून माळावर सोडायला निघाली होती.

"काका, बोट आली म्हणे. आमचं काही पत्रबित्र?"

"मला काय विचारतेस? मी काय टपालवाला आहे?"

"मग तोंड का असं केलंय?"

"दात दुखतोय."

"एकच तर उरलाय. तोही दुखतो?"

ती हसली आणि मेंढ्या ओढत पुढे गेली. गिलूचा हात खिशात आला आणि माझ्यावर घट्ट मिटला. बेटावर त्या दुपारी तीनच जण ते जाणत होते: गावप्रमुख, गिलू आणि मी.

अंधार पडल्यावर त्यानं त्युआलांच्या खिडकीच्या काचेवर तीनदा टिचकी मारली आणि ठरलेले शब्द उच्चारले. "पोरी, आज तुझ्या घरी प्रोएला आहे."

आत कुणीतरी हातातलं भांडं सावकाश खाली ठेवलं. एवढाच आवाज झाला.

बुदोकच्या आईचं नाव बार्बा. नवऱ्याची प्रोएला तिनं याच घरात केली होती, त्यामुळं तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं टेबल पुसलं, पांढरं कापड अंथरलं, त्यावर स्वतःच्या लग्नातली टोपी उलगडून ठेवली आणि मला त्या टोपीवर निजवलं. दोन बाजूंना दोन मेणबत्त्या, पायाशी ताटलीत पवित्र पाणी आणि हिरवी डहाळी. शेजारच्या बायका काळ्या कपड्यांत येत गेल्या. प्रत्येकीनं डहाळी पाण्यात बुडवून माझ्यावर शिंपडली. एक म्हातारी प्रार्थना सांगू लागली आणि बाकीच्या मागून म्हणू लागल्या. बार्बा सगळ्यांना कॉफी देत होती.

जानेद माझ्या उशाशी बसली होती. कोरड्या डोळ्यांनी.

बार्बा तिच्या कानाशी वाकली. "रड गं बाई थोडी. बायका बघतायत."

"कुणासाठी रडू, आई? टेबलावर मेण आहे."

"हळू बोल."

"तुम्हाला तो दिसतोय का इथं?"

बार्बानं किटली उचलली आणि दुसऱ्या बाईच्या कपात कॉफी ओतली. कप भरला तरी ती ओतत राहिली.

तोवर मी खरोखरच मेण होतो. मग काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही. प्रार्थना चालू होती. दार बंद होतं. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. आणि माझ्या आत पाणी यावं तसं काहीतरी आलं. थंड, खारट, जड. ते फार लांबून आलं होतं आणि थकलेलं होतं. त्याला टेकायला जागा हवी होती आणि त्या खोलीत जागा एवढीच होती, बोटभर. पहाटे एका बाईनं माझ्यावर पाणी शिंपडलं आणि थबकली. "अगंबाई, हा घामेजलाय," ती म्हणाली. माझ्या अंगावर बारीक थेंब होते. तिनं थेंब बोटावर घेऊन चाखला आणि क्रूसाची खूण केली.

उजाडताना बायका तोंडं धुवायला अंगणात गेल्या. बार्बा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. पाद्रीबाबा निघाल्याची घंटा अजून व्हायची होती. जानेदनं मेणबत्त्यांचे उरलेले बुडखे उचलले, तळव्यांत भराभर वळले. घाईत एका बुडख्यातली जळकी वात तिला काढता आली नाही. तसाच तिनं एक ओबडधोबड क्रूस केला, माझ्या जागी निजवला आणि मला पोलक्यात टाकलं.

गिलू डोक्यावरची टोपी काढून आला. त्यानं कापडावरचा क्रूस दोन्ही हातांवर घेतला. वात त्याला दिसली असेल की नाही, मला ठाऊक नाही. म्हाताऱ्याचे डोळे तेव्हा वाहत होते. सगळे त्याच्यामागून बाहेर पडले. त्याआधी जानेदनं मला तिच्या रविवारच्या टोपीच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं.

माझी अंत्ययात्रा मी अशी ऐकली. डब्यात पडून. घंटा लांब लांब वाजत गेली आणि मी घरातच राहिलो.

तिनं हे का केलं, ते मला लवकरच कळलं. आमच्याकडं लग्नाची मागणी मुली घालतात. जानेदनं बुदोकला मागितलं होतं. चार महिने संसार झाला आणि जहाज निघालं. ती रात्री कपाटासारख्या बंद पलंगाची लाकडी दारं आतून सरकवायची, डब्यातून मला काढायची, मुठीत धरायची आणि सांगायची, "त्यांनी तुला पोचवलेलं नाही. तू अजून पोचवलेला नाहीस. तेव्हा ये."

आणि तो आला.

दिवेलागणीला यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शीळ ऐकू आली. गिलूनं शिकवलेली. मग लाकडी बुटांचा आवाज अंगणातून दारापर्यंत. दार उघडलं नाही. जानेद चुलीपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी आनंदच म्हणेन. बार्बानंही ऐकलं. तिच्या हातातून बटाटा निसटला आणि जमिनीवर गडगडत गेला.

"कोण आलं?"

"वारा, आई."

"वाऱ्याला बूट असतात का?"

पुढे गावातही बोलणं सुरू झालं. समुद्रशेवाळ काढणाऱ्या बायकांना उतारावर एक निथळणारा माणूस पाठमोरा दिसला. कुणाला दफनभूमीच्या भिंतीलगत. प्रोएला झालेला माणूस फिरत नसतो. मग बुदोक का फिरतो? बार्बानं दोष स्वतःकडं घेतला. टेबल खिडकीपासून फार दूर ठेवलं म्हणून. कॉफी सांडली म्हणून. भर प्रार्थनेत तिला डुलकी लागली म्हणून. ती बेटावरच्या प्रत्येक प्रार्थनाघराभोवती अनवाणी फेऱ्या घालू लागली. रोज चर्चमध्ये जाऊन, क्रूस ठेवायच्या पेटीसमोर दगडी फरशीवर गुडघे टेकून बसायची. त्या पेटीत जळक्या वातीचा बुडखा होता. जानेदला ते ठाऊक होतं. रोज ती सासूच्या गुडघ्यांना गरम तेल चोळायची आणि गप्प राहायची.

माणसं एवढं गप्प राहू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण सहा-सात महिन्यांनी मला आणखी एक गोष्ट कळली, जी त्या दोघींना अजून कळायची होती. जो येत होता, तो दर खेपेला थोडा कमी येत होता. आधी शीळ गेली. मग बुटांचा आवाज राहिला, पण तो दाराची जागा चुकू लागला. भिंतीपाशी येऊन उभा राहायचा. मग पावलंही गेली. दिवेलागणीला उंबऱ्याखालून फक्त पाणी आत यायचं, हातभर, आणि दगडावर सुकून पांढरं मीठ मागं ठेवायचं. आणि मीही रोज तिच्या मुठीत मऊ होत होतो, तिच्या तळव्याला थोडा लागून राहत होतो. माझे हात आखडले. माझ्यावर तिच्या हातावरच्या रेषा उमटल्या. माझ्यात आलेलं ते जड, खारट काहीतरी विरत चाललं होतं. त्याला ना आत नीट जागा होती ना बाहेर. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, तू ज्याला धरून ठेवते आहेस तो तुझ्या हाताला लागून संपतोय. पण मेणाला तोंड कुठं असतं?

एका संध्याकाळी तिनं उंबऱ्यापाशी बसून विचारलं, "मी कोण, सांग." पाणी दगडावर पसरलं. बराच वेळ तसंच राहिलं. तिनं एप्रनच्या टोकानं पाणी पुसून घेतलं आणि त्या रात्री पहिल्यांदा मला डब्यातून बाहेर काढलं नाही. पण पोचवलंही नाही. पोचवायचं तर सांगावं लागलं असतं.

दीड वर्ष असं गेलं. मग पलंगातला पेंढा बदलायचा दिवस आला. जानेद उतारावर शेवाळ काढायला गेली होती. बार्बानं गाद्या अंगणात टाकल्या, पलंगाच्या फळ्या पुसल्या, फळीवरचा टोपीचा डबा खाली घेतला. झाकण नीट बसलं नव्हतं.

तिनं मला उचललं. वजन करावं तसं हातावर तोललं. मग खिडकीपाशी नेऊन पाहिलं. तिला काही विचारावं लागलं नाही. क्रूस तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. ती बाकावर बसली आणि मला मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली.

जानेद पाठीवर ओली करंडी घेऊन आली. दारातच थांबली.

"ही करंडी उतरव आधी," बार्बा म्हणाली. "पाठ मोडेल."

जानेदनं करंडी उतरवली.

"हा माझा मुलगा आहे का?"

"हो, आई."

"मग त्या दिवशी आम्ही कुणाला पोचवलं?"

"मेणबत्तीच्या बुडख्यांना."

बार्बा हसली. ते हसू ऐकवत नव्हतं. "दीड वर्ष! दीड वर्ष मी बुडख्यापुढं गुडघे झिजवले. आणि तू तेल चोळत होतीस."

"मला वाटलं, पोचवला नाही तर परत येईल."

"आला की! पाणी होऊन आला. ते मीठ कोण झाडत होतं रोज सकाळी? तुला वाटायचं म्हातारीला दिसत नाही." तिचा आवाज चिरकला. "तू मागून घेतला होतास त्याला, मान्य. पण त्याच्या आधी चोवीस वर्षं तो माझा होता. मला एकदा विचारायचंस तरी. कदाचित मीच म्हटलं असतं, ठेव."

जानेद खाली बसली आणि तिनं बार्बाच्या मांडीवर, माझ्या शेजारी, डोकं टेकलं. तेव्हा ती रडली. त्या रात्री जे रडायचं राहिलं होतं ते सगळं. बार्बाचा हात तिच्या केसांवर होता आणि नजर माझ्यावर.

"पुरे," थोड्या वेळानं बार्बा म्हणाली. "तुझा भाऊ कुठं आहे?"

"तांगी? कोळशाच्या जहाजावर. यायला हवा होता आतापर्यंत. तीन आठवडे झाले." जानेदनं मान वर केली. "का?"

"त्या पेटीत तू रिकामा क्रूस टाकलायस, पोरी. त्याच्यापाशी कुणी जागलं नाही. त्याच्यात कुणी आलं नाही. त्याची जागा झालेली आहे आणि माणूस यायचा आहे. तो काय तसाच पडून राहील? आपला माणूस शोधेल. आपल्याच घरातला."

जानेदचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी कुणाचा पाहिला नाही, प्रोएलाच्या रात्रीही नाही.

दोघी तशाच उठून गिलूकडं गेल्या. मी बार्बाच्या रुमालात होतो. गिलू अंगणात शेवंडांचा सापळा विणत बसला होता. सगळं ऐकून त्यानं सुतळी तोंडातून काढली.

"तीस वर्षं मी बायकांच्या खिडक्या वाजवतोय," तो म्हणाला. "एकीनं माझ्या अंगावर ताक ओतलं. एकीनं कुत्रा सोडला. पण मढं चोरणारी ही पहिलीच."

"बडबड नंतर कर. पेटीची किल्ली तुझ्याकडं असते."

"पाद्रीबाबांना विचारायला हवं, बार्बा."

"पाद्रीबाबा मुख्य भूमीवरचे. त्यांना वाटतं पेटीत मेण आहे."

गिलूनं जानेदकडं पाहिलं. "मला वात दिसली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी. हातावर घेतला तेव्हाच. मला वाटलं, माझे डोळे गेले. मग वाटलं, आज नको, उद्या बोलू. मग रोजच उद्या." त्यानं हात पुढे केला. "आण इकडं माझ्या पोराला." मला पाहून तो दचकला. "केवढा होता! काय केलंस गं याचं?"

"हातात धरत होते, काका."

"धरायची पण काही रीत असते," तो म्हणाला. पण ते रागानं म्हणाला नाही.

मग तो एका गोष्टीवर अडून बसला. मला रुमालातून न्यायचं नाही. माणूस घरातून निघतो तसाच मी निघायला हवा. घराच्या पुढच्या दारातून, पांढऱ्या कापडावर, धर्मपित्याच्या हातावरून, मागे घरच्या बायका. आणि गावानं पाहिलं तर बोभाटा होईल, म्हणून धुक्याची वाट पाहायची.

दोन दिवस ऊन पडलं. जानेद दर तासाला धक्क्याकडं जाऊन येत होती. तांगीच्या जहाजाची काही खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दीपगृहाचा भोंगा वाजू लागला. खिडकीबाहेर अंगणाची भिंतसुद्धा दिसत नव्हती.

गिलू उघड्या डोक्यानं आला. बार्बानं कापड दिलं. जानेदनं मला त्यावर ठेवलं. दीड वर्षानं मी त्या घराचं दार ओलांडलं. उंबऱ्यावर आदल्या संध्याकाळचं मीठ होतं. गिलूच्या बुटाखाली ते करकरलं.

वाट चढणीची होती. आधी गिलू, मग जानेद, मग बार्बा. भोंगा वाजायचा, थांबायचा. तो थांबला की पावलं ऐकू यायची. गिलूचे बूट, जानेदचे, बार्बाचे एका पायानं ओढल्यासारखे. आणि त्यांच्या मागून आणखी दोन.

गिलूचं पाऊल अडलं, मग पुढे पडलं. त्यानं ऐकलं होतं.

"मागं बघू नका," तो वळल्याशिवाय म्हणाला.

"बघत नाहीये," जानेद म्हणाली. मला तिचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे उघडे होते, समोर होते, आणि मागे वळण्याची ओढ तिच्या मानेच्या शिरांमध्ये दिसत होती. चर्चपर्यंत ती वळली नाही. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात अवघड काम ते.

चर्चमध्ये कुणी नव्हतं. बाजूच्या वेदीपाशी पेटी होती. गिलूनं कुलूप काढलं. आत क्रूसच क्रूस, पिवळे पडलेले, धूळ बसलेले. कुणाच्याही अंगावर नाव नाही. जानेदला तिचा ओबडधोबड क्रूस लगेच सापडला. जळक्या वातीचं टोक वर आलेलं होतं. तिनं तो उचलून बार्बाकडं दिला. मग गिलूच्या हातावरून मला घेतलं.

तिनं हात पेटीत घातला. पण मूठ उघडेना. मी तिच्या तळव्याला चिकटलो होतो. सवयीनं, उबेनं, कशानंही म्हणा. गिलूनं तिचा हात धरायला पुढे पाऊल टाकलं, तर बार्बानं त्याला कोपरानं मागे सारलं. "थांब. तिचं तिला करू दे."

किती वेळ गेला, ठाऊक नाही. भोंगा तीनदा वाजला.

"मी मागितलं होतं तुला," जानेद पेटीत वाकून म्हणाली. "कुणी दिलं नव्हतं. म्हणून परत द्यायचंही माझ्याच हातात आहे. जा आता. संपायच्या आत जा."

तिनं एक एक बोट सुटं केलं. मी इतरांवर पडलो. फार हलका आवाज झाला. त्याच वेळी चर्चच्या दारापाशी ओल्या बुटांचा आवाज झाला, आत आला, फरशीवरून पेटीपर्यंत आला आणि थांबला. मग माझ्या आत जे काही विरत विरत उरलं होतं, ते एकदाच जड झालं, आणि निजलं.

गिलूनं झाकण लावलं. बाहेरचं बोलणं मला लाकडातून ऐकू आलं.

"त्या रिकाम्याचं काय करायचं?" तो विचारत होता. "वितळवून टाकू?"

"वितळवला तरी जागा राहतेच," बार्बा म्हणाली. "माणूस हवाय ना त्याला? समुद्रावरचाच हवा असं कुठं लिहिलंय? मी आहे की."

"आई!"

"ओरडू नकोस चर्चमध्ये. तुझा भाऊ पंचवीस वर्षांचा आहे. माझे गुडघे गेलेत. शिवाय मला सवय आहे, रोज याच्याच समोर बसत होते की." तिनं तो पोलक्यात ठेवला असावा, बटण लावल्याचा आवाज आला. "चला. मेंढ्या तशाच बांधलेल्या आहेत."

तांगीचं जहाज त्यानंतर पाचव्या दिवशी मोडक्या डोलकाठीनं धक्क्याला लागलं. बार्बा तीन आठवड्यांनी छातीच्या दुखण्यानं गेली. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध होता का, ते मी सांगू शकत नाही. मी मेण आहे. तिची शवपेटी आमच्या पेटीसमोर ठेवली होती. बेटावरच्या बायका अंथरुणात मरतात, त्यांना क्रूस लागत नाही. पण तिच्या मिटलेल्या हातात एक ओबडधोबड क्रूस होता आणि तो आता रिकामा नव्हता. एवढं मात्र मला लाकडापलीकडूनही जाणवलं. पाद्रीबाबांनी मिस्साची प्रार्थना म्हटली. जानेद पहिल्या बाकावर होती आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडत होती.

पुढे काही वर्षांनी बिशप आले, तेव्हा आमची पेटी वाजतगाजत दफनभूमीत नेली आणि तिथल्या छोट्या दगडी घरात आम्हाला ओतलं. तेव्हापासून मी इथं आहे. दाराला लोखंडी जाळी आहे. उन्हाळ्यात दगड तापतो आणि आम्ही एकमेकांना चिकटतो. माझा एक हात आता कुणाच्या तरी अंगात गेला आहे आणि कुणाचा तरी माझ्यात. मी मेण म्हणून बोलतोय की बुदोक म्हणून, हे मलाही नेहमी कळत नाही. हल्ली तर मी एकटाच बोलतोय की आम्ही सगळे, हेही कळत नाही. त्यात दुःख नाही. घरातल्या डब्यापेक्षा इथं बरं आहे.

जानेद म्हातारी झाली आहे. तिनं पुन्हा कुणाला मागितलं नाही. नोव्हेंबरात इतर बायकांबरोबर येते, गवत उपटते, दिवा ठेवते, कुणाच्या तरी सुनेला टोमणा मारते आणि जाते. जाळीतून आत पाहते तेव्हा तिची नजर आम्हा सगळ्यांवरून सारखीच फिरते. मी कुठला, हे तिला आता ओळखू येत नाही. माझ्या अंगावर तिच्या तळव्याच्या रेषा अजून आहेत. पण त्या पाहायला मला बाहेर काढावं लागेल, आणि ती ते करणार नाही.

तुम्ही कधी बेटावर आलात तर जाळीपाशी अवश्य उभे राहा. फूल ठेवायचं तर ठेवा. फक्त एक करा, तुमचं कुणी गेलं असेल तर इथं उभं राहून त्याचं नाव घेऊ नका. आम्ही शांत झालो आहोत, पण हाक ऐकली की उठायची सवय अजून कुणाचीच गेलेली नाही.